बेताच्या पैशांत फोटो-व्हिडिओ संपादनाचा संगणक

आज ज्या विषयावर मला आपल्याशीं बोलावयाचें आहे, तो प्रथमदर्शनीं निव्वळ बाजारहाटाचा वाटेल. फोटो व व्हिडिओ यांचें संपादन करण्याजोगा मेजावरचा संगणक बेताच्या पैशांत कसा जुळवावा, एवढाच तो विषय. परंतु आपल्या नांदेड-लातुराकडे या प्रश्नामागें अनेक घरांची उमेद, आणि पुष्कळदां कर्जहि, उभें असतें. पदवी घेतलेला मुलगा अथवा मुलगी लग्नकार्याचे फोटो काढूं लागते. कॅमेरा हप्त्यानें कसाबसा येतो. आणि मग घरांत गोष्ट निघते कीं, संगणकासाठीं आणखी सत्तर-ऐंशी हजार रुपये पाहिजेत. वडिलांना यंत्राची माहिती नसते, मुलाला पैशाची झळ लागलेली नसते, आणि दुकानदाराला मात्र दोघांचीहि घाई बरोबर कळलेली असते. अशा वेळीं विचार कोणत्या क्रमानें करावा, तें सांगण्याचा माझा हेतु आहे.

छायाचित्रण ही आपल्याकडे कांहीं कालपरवां आलेली कला नव्हे. हे दोन्ही जिल्हे १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानांत होते, त्याच संस्थानांत सिकंदराबादेस राजा दीनदयाळ यांचा सुप्रसिद्ध स्टुडिओ होता, व सहाव्या निजामानें त्यांना दरबारीं छायाचित्रकार नेमलें होतें. त्या काळीं कलेचें अर्धें रहस्य कॅमेऱ्यांत व अर्धें अंधाऱ्या खोलींत असे. आज त्या अंधाऱ्या खोलीची जागा संगणकानें घेतली आहे. कॅमेरा उत्तम आणि संगणक लंगडा असला, तर काम वेळेवर हातावेगळें होत नाहीं. आणि लग्नाचा अल्बम वेळेवर न मिळालेलें गिऱ्हाईक पुन्हां फिरकत नाहीं.

पहिली गोष्ट ही कीं, यंत्राची किंमत विचारण्यापूर्वीं कामाचें माप काढावें. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा एक कच्चा, म्हणजे रॉ, फोटो सुमारें २५ ते ३० मेगाबाइट जागा घेतो. एका लग्नांत असे दोन हजार फोटो निघाले, तर पन्नास-साठ गिगाबाइट झाले. फोरके व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिट या वेगानें टिपला, तर तासाला ४५ गिगाबाइट होतात. सहा तासांचे २७०. म्हणजे हळदीपासून वरातीपर्यंत एका लग्नाचा ऐवज सव्वातीनशें गिगाबाइटच्या घरांत जातो, आणि हंगामांत अशीं पंचवीस लग्नें केलीं तर आठ टेराबाइट! हा हिशेब वहीवर मांडल्यावर पुष्कळसे भ्रम आपोआप गळतात. जो केवळ फोटो सुधारतो त्याची गरज निराळी, व्हिडिओ जोडणाऱ्याची निराळी. ज्याचें काम आठवड्याला दोन छोट्या चित्रफितींचें आहे, त्यानें चित्रपट कंपनीला साजेसें यंत्र घेणें म्हणजे चार माणसांच्या स्वयंपाकासाठीं पंगतीची कढई आणण्यासारखें आहे.

दुसरी गोष्ट खर्चाच्या वांटणीची. संगणकांत सर्वांत महाग असा एकच भाग घालून बाकीचे हलके घातले, तर तो महाग भाग इतरांची वाट पाहत बसतो. रुपयाचे सोळा आणे धरून मी अशी वांटणी सुचवितों: प्रोसेसर व मदरबोर्ड मिळून पांच आणे, रॅम तीन आणे, एसएसडी आणि हार्ड डिस्का साडेतीन आणे, मॉनिटर दोन आणे, पॉवर सप्लाय व कॅबिनेट दीड आणा, आणि यूपीएस एक आणा. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड यांत नाहीं, हें आपल्या ध्यानांत आलेंच असेल. तें कां नाहीं हें पुढें सांगतों. बाजारभावाप्रमाणें ही वांटणी थोडी इकडेतिकडे होणारच. २०२५ सालच्या अखेरीस रॅमचे भाव एकदम चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीं जगभर उभ्या राहणाऱ्या प्रचंड संगणक-केंद्रांनीं तोच माल उचलावयास सुरुवात केली. अशा वेळीं ३२ गिगाबाइटचा हट्ट न धरतां, चार खांचा असलेला मदरबोर्ड घ्यावा, आठ-आठच्या दोन पट्ट्या आज बसवाव्या व दोन पुढें. एकाच पट्टीपेक्षां जोडीनें बसविलेल्या पट्ट्यांवर संगणक अधिक वेगानें चालतो, हेंहि विसरूं नये.

आतां प्रोसेसरविषयीं. सहा गाभ्यांचा, म्हणजे सहा कोअरचा, मध्यम प्रतीचा प्रोसेसर आपल्या कामाला पुरतो. २०२२ सालीं आलेला इंटेलचा कोअर आय-५ १२४०० हा त्या दर्जाचा नमुना म्हणून धरावा. यांत एक मेख आहे. कॅमेरा व्हिडिओ सांठवितो तो दाबून, घडी घालून; आणि संपादनाच्या वेळीं ती घडी सेकंदाला पंचवीस-तीस वेळां उलगडावी लागते. हें उलगडण्याचें काम करणारा एक स्वतंत्र भाग इंटेलच्या ग्राफिक्ससह येणाऱ्या प्रोसेसरांत असतो. अलीकडचे अनेक कॅमेरे ज्या एचईव्हीसी पद्धतीनें, ४:२:२ व १० बिट अशा मापांत, व्हिडिओ देतात, तो हा भाग सहज उलगडतो. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांना हीच विद्या २०२५ सालच्या ५० क्रमांकाच्या मालिकेपासून आली. परंतु त्याच प्रोसेसराच्या नांवापुढें ‘एफ’ हें अक्षर असलें, तर त्यांत ग्राफिक्सचा भाग नसतो. तो थोडा स्वस्त मिळतो आणि दुकानदार आग्रहानें पुढें करतो; पण वेगळें कार्ड घातल्याखेरीज त्यावर पडदासुद्धां उजळत नाहीं! एएमडीच्या रायझन ५ ५६०० ची गोष्ट तीच. ५६००जी यांत मात्र ग्राफिक्स आहे. एका अक्षरानें एवढा फरक पडतो, म्हणून पावतीवरील नांव अक्षरशः वाचून घ्यावें.

मग ग्राफिक्स कार्ड केव्हां घ्यावें? केवळ फोटो आणि साधी जोडणी असेल, तर प्रारंभीं त्याची गरज नाहीं. दाविंची रिझॉल्व्हसारख्या सॉफ्टवेअरचा सारा भर मात्र कार्डावर असतो. रंगांचें बारीक काम, गोंगाट काढणें, एकावर एक थर चढविणें हें वाढलें म्हणजे कार्ड घेतलेंच पाहिजे. म्हणून जागा व पॉवर सप्लायची ताकद आजच राखून ठेवावी आणि कार्ड पहिल्या हंगामाच्या कमाईंतून घ्यावें. तोंवर एक युक्ति आहे, तिला प्रॉक्सी म्हणतात. कॉलेजांत गैरहजर मित्राच्या वतीनें ‘हजर’ म्हणणाऱ्याला जो शब्द लावतात, तोच हा. मूळ जड व्हिडिओच्या हलक्या प्रति यंत्राकडून रात्रीं करून घ्यावयाच्या, दिवसा त्यांवर सारी कापाकापी करावयाची, आणि शेवटीं अंतिम चित्रफीत काढतांना सॉफ्टवेअरनें मूळ प्रत जागेवर आणावयाची. थोड्या शक्तीच्या यंत्रावर मोठें काम उरकण्याचा याहून स्वस्त उपाय नाहीं.

सांठवणीच्या बाबतींत दोन कामें वेगळीं ओळखावीं: चालतें काम आणि जपणूक. साधी हार्ड डिस्क सेकंदाला दीड-दोनशें मेगाबाइट वाचते, तर एनव्हीएमई जातीची एसएसडी दोन-तीन हजारांच्या वर. म्हणून चालू असलेलें लग्न एसएसडीवर असावें, आणि संपलेलें काम हार्ड डिस्कवर उतरवावें.

मॉनिटरकडे आपल्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलें जातें. आकार मोठा दिसला कीं पुष्कळांचें समाधान होतें. पण पडदा जर रंग खरे दाखवीत नसेल, तर हळदीचा पिवळा छापून नारिंगी होतो आणि शालूचा लाल मातकट. आयपीएस जातीचा, एसआरजीबी ही रंगमर्यादा जवळजवळ पूर्ण दाखविणारा, चोवीस इंची मॉनिटर पुरे. उजेड फार प्रखर ठेवूं नये. अल्बम छापण्यापूर्वीं दोन-चार फोटो लॅबमधून छापून आणून पडद्याशीं ताडून पाहावे.

येथवर सांगितलें तें पुण्या-मुंबईलाहि लागू आहे. परंतु आपल्या भागाचें म्हणून कांहीं वेगळें आहे. वैशाख-ज्येष्ठांत नांदेडचा पारा ४२ अंशांवर जातो, आणि ऐन त्याच दिवसांत लग्नें असतात. प्रोसेसर अति तापला म्हणजे स्वतःला वांचविण्यासाठीं आपला वेग आपणच कमी करतो. पैसे वेगाचे दिले आणि उन्हाळ्यांत तो मिळाला नाहीं, असें होतें. तेव्हां कॅबिनेटचें तोंड कांचेचें शोभिवंत नसावें, जाळीचें असावें. एक पंखा हवा आंत घेणारा व एक बाहेर टाकणारा असावा. संगणक टेबलाच्या बंद कप्प्यांत कोंडूं नये. धूळ महिन्याकाठीं कोरड्या ब्रशानें झाडावी. विजेचें म्हणाल, तर यूपीएस हा चैनीचा पदार्थ नव्हे. वीज गेल्यावर काम जतन करून यंत्र नीट बंद करण्यापुरतीं दहा मिनिटें तो देतो. आणि जुन्या घरांतून भिंतीच्या पिनेला अर्थिंग आहे कीं नाहीं, हें वायरमनकडून आधीं तपासून घ्यावें. या तपासणीला फारसा खर्च येत नाहीं, परंतु तिच्यावांचून सर्व यंत्र धोक्यांत राहतें.

श्रोतेहो, आतां मी सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळतों. मदरबोर्ड जळला तर दुसरा मिळतो. प्रोसेसर, रॅम, पडदा, सर्व कांहीं पैशानें पुन्हां येतें. परंतु दुसऱ्याच्या घरच्या लग्नाचे फोटो आपल्या एकुलत्या एका डिस्कवर असले आणि ती डिस्क बंद पडली, तर तें लग्न पुन्हां लागत नाहीं. त्या फोटोंतली आजी कदाचित् आज हयातहि नसते. म्हणून प्रत्येक कामाच्या तीन प्रति असाव्या, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतील एक घराबाहेर असावी, असा नियम पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारानें रूढ केला. घराबाहेर कशासाठीं, हें लातूर जिल्ह्याला समजावून सांगण्याची गरज नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे किल्लारीच्या परिसरांत दगडमातीचीं घरें कांहीं क्षणांत बसलीं, आणि एका छपराखालचें सारें एकदमच गेलें. २०२५ च्या ऑगस्टमध्यें मुखेड तालुक्यांत पाणी घरांत शिरलें तेव्हांहि तोच अनुभव आला. नांदेडची एक प्रत लातुरास मामाकडे आणि लातूरची नांदेडास मावशीकडे, एवढी व्यवस्था कोणालाहि जमण्यासारखी आहे. याच कारणासाठीं साडेतीन आण्यांच्या वांट्यांत मी एक एसएसडी आणि सारख्या मापाच्या दोन हार्ड डिस्का धरल्या आहेत. त्या दोन-दोन टेराबाइटच्या असल्या, तरी पहिलीं सहा लग्नें त्यांत मावतात. पुढच्या डिस्का पुढच्या लग्नांनीं घ्याव्या. पैसे कमी पडले तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा, पण दुसरी डिस्क गाळूं नये.

खरेदीविषयीं दोन शब्द. नांदेडला मुंबई-पुण्यापेक्षां हैदराबाद जवळ. तेथील भाव अवश्य विचारावे. परंतु शे-पांचशें रुपयांसाठीं दूरचें दुकान गांठण्यापूर्वीं, वॉरंटींतला भाग बिघडल्यास तो कोठें व किती दिवसांसाठीं पाठवावा लागेल, हें विचारून घ्यावें. ऐन सराईंत पंधरा दिवस यंत्र बंद राहिलें, तर वांचविलेल्या रकमेच्या कितीतरी पट नुकसान होतें. प्रत्येक भागाचा क्रमांक पक्क्या पावतीवर लिहून घ्यावा. कचेऱ्यांतून निघालेले जुने संगणक स्वस्त मिळतात. पण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि विंडोज ११ साठीं इंटेलचा आठव्या पिढीचा वा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो, हें ध्यानांत ठेवून मगच हात घालावा. चोरीचें सॉफ्टवेअर घेऊं नये. त्याच्या मागोमाग येणारे व्हायरस गिऱ्हाइकाचा सर्व ऐवज कुलूपबंद करून खंडणी मागतात. डार्कटेबल, गिंप, केडेनलाइव्ह हीं सॉफ्टवेअरें मोफत आहेत, आणि दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्तीहि प्रारंभास पुरेशी आहे. शेवटचें म्हणजे, आपल्याच एका कामाच्या फाइली सोबत नेऊन तशाच एखाद्या यंत्रावर चालवून पाहाव्या. दुकानांतल्या नमुन्याच्या व्हिडिओवरून निर्णय करूं नये.

सारांश, आधीं काम मोजावें, मग खर्च तोलावा, आणि दुसऱ्यानें विश्वासानें सोंपविलेल्या ठेव्याच्या रक्षणाचा खर्च यंत्राच्या किंमतींतच धरावा. घरांतील वडील मंडळींना यंत्राचीं नांवें कळलीं नाहींत तरी चालेल, पण पैसे देण्यापूर्वीं त्यांनीं मुलाला एकच प्रश्न अवश्य विचारावा: “यांतली एक डिस्क उद्यां बंद पडली, तर लोकांचे फोटो कोठें आहेत?” या प्रश्नाचें उत्तर जर तयार असेल, तर पैसे निःशंकपणें द्यावे.