जमाखर्चात न बसलेली नदी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा लेखरूप मजकूर)



अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकाने नाटकावर बोलावे, ही अनधिकार चेष्टा आहे हे मी आरंभीच कबूल करतो. तरीही आज मी एका विद्यापीठाच्या नाट्यविभागाने केलेल्या नाटकाविषयी बोलणार आहे. त्याचे कारण माझ्या स्वतःच्या विषयात दडलेले आहे.

तीस वर्षे मी पदव्युत्तर वर्गाला नदीखोऱ्यातील प्रकल्पांचा लाभ-व्यय हिशेब शिकविला. फळ्याच्या एका बाजूस वीज, सिंचन, वाढलेले उत्पन्न. दुसऱ्या बाजूस सिमेंट, पोलाद, मजुरी, कर्जावरील व्याज. अगदी तळाशी 'इतर परिणाम' अशी ओळ लिहावी, तिच्यापुढे आकडा न मांडता एक आडवी रेघ ओढावी आणि तास संपवावा, असा माझा शिरस्ता होता. त्या आडव्या रेघेत कोण राहते, हे मला कोणा विद्यार्थ्याने विचारले नाही आणि मीही स्वतःला विचारले नाही. आजचे नाटक त्या रेघेत राहणाऱ्या माणसांचे आहे.

स्थळ आहे अमेरिकेच्या पश्चिम भागातील क्लॅमथ नदीचे खोरे. ऑरेगन राज्याच्या दक्षिणेस उगम पावून, उत्तर कॅलिफोर्नियातून सुमारे ४०० किलोमीटर वाहत जाऊन ही नदी पॅसिफिक महासागरास मिळते. सॅमन मासा या नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीत चढून येतो. मुखाजवळ युरोक, त्यांच्या वरच्या अंगास करूक, ट्रिनिटी या उपनदीच्या काठी हूपा आणि उगमाकडे क्लॅमथ असे आदिवासी समाज शतकानुशतके या माशावर जगत आले. मासा हे त्यांचे अन्न, त्यांचा व्यवहार आणि त्यांचा धर्मविधीही.

या नदीवर दोन प्रकारची कामे झाली आणि ती वेगळी ध्यानात घेतली पाहिजेत. पहिले काम सरकारचे. १९०५ पासून केंद्र सरकारने वरच्या खोऱ्यातील दलदली व तळी आटवून, कालवे काढून शेतजमीन निर्माण केली आणि दोन्ही महायुद्धांतून परतलेल्या सैनिकांना ती वाटून दिली. दुसरे काम खाजगी वीज कंपन्यांचे. १९१८ ते १९६२ या काळात त्यांनी मधल्या पट्ट्यात केवळ विजेसाठी चार धरणे उभी केली. त्यांतील खालच्या धरणांतून माशांना वर जाण्याची वाट ठेवलेली नव्हती. परिणाम असा झाला की, उगमाकडच्या क्लॅमथ लोकांच्या ताटातून सॅमन शंभराहून अधिक वर्षे नाहीसा झाला. १८६४ च्या तहाने त्यांना मासेमारीचा हक्क लिहून दिलेला होता. हक्क कागदावर राहिला, मासा मात्र धरणाच्या पायथ्याशी अडला.

२००१ साली अवर्षण पडले. नामशेष होऊ घातलेल्या माशांच्या रक्षणाचा कायदा पुढे करून सरकारने बहुसंख्य शेतकऱ्यांचे कालवे बंद केले. उभी पिके वाळली आणि हजारो लोक रस्त्यावर आले. पुढच्या वर्षी सरकारने दिशा बदलली व पाणी शेतांकडे सोडले. खाली नदी रोडावली, पाणी तापले, परतणाऱ्या माशांची दाटी झाली आणि रोगाची साथ पसरली. सप्टेंबर २००२ मध्ये मुखाजवळच्या पट्ट्यात मेलेल्या माशांचा खच पडला. सरकारी अंदाज कमीत कमी सुमारे ३४,००० माशांचा होता.

आता वर्तमानपत्रांनी या प्रसंगाचे वर्णन कसे केले, ते पाहा. 'शेतकरी विरुद्ध मासे' किंवा 'शेतकरी विरुद्ध आदिवासी'. वस्तुतः हे भांडण एकाच पाण्याच्या दोनदा दिलेल्या वचनाचे होते. सरकारने आदिवासींना तहाने मासा दिला होता आणि सैनिकाला सनदेने पाणी दिले होते. वचन देणारा एकच होता, पण वचन मोडल्यावर तो बाजूला उभा राहिला आणि ज्यांना वचने दिली होती ते दोघे एकमेकांच्या उरावर बसले. ही रीत आपल्याला अपरिचित नाही.

अशा वेळी कॅलिफोर्नियातील आर्केटा गावच्या हम्बोल्ट स्टेट विद्यापीठाच्या नाट्यविभागाने हा विषय हाती घेतला. या संस्थेचे नाव २०२२ पासून बदलून कॅल पॉली हम्बोल्ट असे झाले आहे. थेरेसा मे या तेथील प्राध्यापिका होत्या. (ब्रिटनच्या माजी पंतप्रधानांशी त्यांचा नामसाम्यापलीकडे संबंध नाही.) त्यांनी एकटीने खोलीत बसून संहिता लिहिली असती तर ती कदाचित अधिक रेखीव झाली असती. त्यांनी तसे केले नाही. विद्यार्थी, विद्यापीठातील आदिवासी सहकारी आणि नदीकाठची कुटुंबे यांना बरोबर घेऊन, लोकांचे बोलणे ऐकून, त्यातून संहिता सिद्ध केली. 'सॅमन इज एव्हरीथिंग', म्हणजे 'सॅमन हेच सर्वस्व', हे त्या नाटकाचे नाव. २००६ साली ते विद्यापीठात रंगभूमीवर आले, २०११ साली ऑरेगन विद्यापीठात पुन्हा झाले आणि २०१४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

या नाटकातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही की, त्यात नदीकाठच्या आदिवासी कुटुंबांबरोबर वरच्या खोऱ्यातील गुरेपालक शेतकऱ्यालाही जागा आहे. तो खलपुरुष म्हणून आलेला नाही. त्याला कुटुंब आहे, जमिनीवर माया आहे आणि पाणी बंद होण्याची धास्ती आहे. मेलेल्या माशांच्या दुःखाने जी माणसे व्याकुळ झाली होती, त्यांच्या नाटकात ज्याच्या शेतात ते पाणी गेले त्यालाही बोलू देणे, ही साधी गोष्ट नव्हे. त्यासाठी क्रोध गिळावा लागत नाही. तो योग्य पत्त्यावर पोहोचवावा लागतो.

नाट्यविभागानेच हे करावे याला काय अर्थ, असा प्रश्न तुम्ही विचाराल. अर्थ आहे. न्यायालयात वादी आणि प्रतिवादी एकाच दालनात बसतात, परंतु तेथे प्रत्येकाने आपापल्या वकिलाच्या तोंडून बोलावयाचे असते. सरकारी सुनावणीत प्रत्येकाला तीन मिनिटे मिळतात. तज्ज्ञांच्या अहवालात माझ्यासारखे लोक आडवी रेघ ओढतात. रंगमंचावर मात्र आजीने नातवाला मासा कापावयास शिकविणे, ही गोष्ट पुरावा म्हणून उभी राहू शकते. त्या शिकवण्याला बाजारभाव नाही, म्हणून माझ्या फळ्यावर तिला जागा नव्हती. किंमत नसणे आणि मोल नसणे यांतील भेद मी वर्गात व्याख्येने सांगत असे. नाटक तो भेद माणसांच्या रूपाने समोर आणून बसविते.

परंतु कार्यकर्त्यांसमोर बोलताना मला अतिशयोक्ती टाळली पाहिजे. नाटकाने धरण पडत नाही. क्लॅमथवरील धरणे पडली ती दीर्घ संघटनेने. आदिवासींचे प्रतिनिधी २००४ साली स्कॉटलंडला गेले, कारण तेव्हा वीज कंपनीची मालकी तेथे होती. पुढे ती कंपनी वॉरन बफे यांच्या उद्योगसमूहाकडे गेली, तेव्हा ते त्या समूहाच्या भागधारकांच्या सभेतही जाऊन उभे राहिले. भांडवलाने घर बदलले की त्याच्या नव्या दारावर थाप मारावयाची, ही चिकाटी त्यांनी दाखविली. दुसरीकडे जुन्या परवान्याची मुदत संपली होती. नवा परवाना हवा तर माशांसाठी वाटा बांधण्याचा मोठा खर्च करणे भाग होते. त्यापेक्षा धरणे पाडणे वीजग्राहकांना स्वस्त पडेल असा हिशेब निघाला. म्हणजे 'इतर परिणाम' या ओळीपुढे अखेरीस आकडा मांडावा लागला आणि तो मांडताच सबंध ताळेबंद उलटला! पाडण्यासाठी ठरविलेल्या ४५ कोटी डॉलरांपैकी २० कोटी वीजग्राहकांकडून आणि २५ कोटी कॅलिफोर्नियाच्या सरकारी रोख्यांतून यावयाचे होते. कंपनीच्या भागधारकांनी नेमके काय सोसले, हा प्रश्न आपण समाजवाद्यांनी विचारलाच पाहिजे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये अंतिम मान्यता मिळाली. २०२३ साली पहिले धरण हटले, २०२४ साली उरलेली तीन. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सॅमन ऑरेगनच्या हद्दीत पोहोचला. शंभर वर्षे बंद असलेली वाट त्याला कोणी शिकविली नव्हती.

तरीही तंटा मिटला असे समजू नका. पडलेली धरणे विजेची होती. शेतकऱ्यांचे पाणी वरच्या सरोवरातून येते आणि त्या पाण्याचा वाद त्यांच्या पडण्याने सुटणारा नव्हता. २०२१ च्या अवर्षणात मुख्य कालवा पुन्हा बंद ठेवावा लागला होता. शेतकरी व आदिवासी यांनी २०१० साली ज्या पाणीवाटपाच्या करारावर सह्या केल्या, तो त्यांच्या संसदेने मंजूर न केल्यामुळे २०१५ च्या अखेरीस संपुष्टात आला. जे एकमेकांचे शत्रू म्हणून रंगविले गेले, त्यांच्यापैकी अनेकांनी तडजोड केली आणि संसदेने ती वाया घालविली, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. अशी तडजोड होण्यासाठी अगोदर परस्परांचे दुःख ऐकण्याची सवय लागावी लागते. नाटकाचे काम त्या सवयीपुरते असते. पण ती सवय नसेल तर पुढचे कोणतेच काम उभे राहत नाही.

आपल्याकडे सत्यशोधकी जलशांची आणि सेवा दलाच्या कलापथकांची परंपरा आहे. त्या परंपरेचा मला अभिमान आहे, म्हणूनच तिचा एक दोषही सांगतो. आपल्या पथनाट्यात जुलमी माणूस पहिल्या वाक्याला ओळखू येतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवून निर्धास्त घरी जातो. जेथे सावकार आणि कूळ समोरासमोर आहेत तेथे हे चालते. परंतु गोदावरीच्या पाण्यासाठी वरच्या अंगाचा ऊसकरी आणि खालच्या अंगाचा तहानलेला शेतकरी समोरासमोर येतात, तेव्हा आपण कोणाला मिशा लावणार? आपल्या शाखा दोन्ही तालुक्यांत आहेत. एका तालुक्यात एक नाटक आणि दुसऱ्यात त्याच्या उलट नाटक केले तर टाळ्या दोन्हीकडे पडतील, पण पक्ष एक राहणार नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. पुढच्या उन्हाळ्यात जवळच्या महाविद्यालयातील नाटकवेड्या मुलांना घेऊन नदीच्या दोन्ही टोकांना जा. वही घेऊन जा, घोषणा घरी ठेवा. जे ऐकाल ते प्रथम त्याच गावात वाचून दाखवा आणि गावकरी 'हे असे नव्हते' म्हणतील तेथे खोडा. मग दोन्ही गावांना एका ओसरीवर बसवून तो खेळ करा. त्यात आपला पक्ष कोठेही दिसला नाही तरी चालेल.

मी तर आता फळ्यापासून दूर झालो आहे. परंतु तुमच्यापैकी कोणी कधी त्या फळ्यापुढे उभा राहिला, तर तळच्या ओळीसमोर रेघ ओढण्यापूर्वी खडू खाली ठेवावा आणि तेथे कोण राहते ते एकदा जाऊन पाहावे, एवढीच विनंती.