स्त्रियांचे स्की बूट : माप कोणतं खरं?

हिवाळ्यात गुलमर्ग, औली, सोलंग या ठिकाणी जाणाऱ्या मराठी मंडळींत आता केवळ बर्फ बघायला नव्हे, तर स्की शिकायला जाणाऱ्या मुली आणि स्त्रियाही असतात. परदेशी बर्फाळ मुलुखात संसार थाटलेल्या मराठी स्त्रियांनाही हा खेळ खुणावतो. तयारी सुरू झाली की जॅकेट कोणतं, हातमोजे कोणते, चष्मा कोणता यावर पुष्कळ बोलणं होतं. बुटाचा विषय मात्र ‘पायात नीट बसतोय ना?’ एवढ्यावर संपतो. माझं म्हणणं असं की सगळ्या सामानात सर्वांत जास्त वेळ बुटावर घालवावा आणि दुकानात पाय घातल्याबरोबर जे सुख वाटतं, त्या सुखावर विश्वास ठेवू नये. स्त्रियांच्या बाबतीत सर्रास होणारी चूक म्हणजे घट्ट बूट घेणं नव्हे, गरजेपेक्षा मोठा बूट घेणं.

हे उलटं वाटतं, कारण आपण स्की बुटाकडे चालायच्या बुटासारखं पाहतो. प्रत्यक्षात तो होडीच्या सुकाणूसारखं काम करतो. उतारावर वळताना नडगी बुटाच्या पुढच्या कडेवर दाब देते, पाऊल किंचित कलतं, तो कल बुटातून स्कीच्या धारेपर्यंत पोहोचतो आणि धार बर्फात रुतते. पाऊल आतल्या आत अर्धा सेंटीमीटर जरी सरकलं, तरी आधी ते सरकण्यात वेळ जातो आणि मग स्की वळते. शिकणारीला वाटतं की आपल्याला जमत नाही. पूर्वी हे बूट चामड्याचे असत आणि चामडं हळूहळू पायाचा आकार घेई. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या बॉब लांगे यांनी प्लॅस्टिकचे बूट आणले आणि खेळच बदलला. ताबा वाढला, वेग वाढला. पण प्लॅस्टिकचं कवच वापरून वापरून पायाला जुळत नाही. ते पहिल्या दिवशीच योग्य असावं लागतं.

म्हणून माप घ्यायचं ते सेंटीमीटरमध्ये. स्की बुटावरचा २४.५ हा आकडा म्हणजे पावलाची लांबी, साडेचोवीस सेंटीमीटर. रोजच्या चपलेच्या नंबराशी त्याचा संबंध नाही. टाच भिंतीला टेकवायची, पायावर पूर्ण भार द्यायचा, सर्वांत लांब बोटाशी कागदावर खूण करायची. दोन्ही पायांचं माप घ्यायचं, कारण ते क्वचितच सारखे असतात. इथे एक बारकावा आहे. कवचं साधारणपणे पूर्ण मापांचीच बनतात. बहुतेक कंपन्यांत २४ आणि २४.५चं कवच एकच असतं, फरक आतल्या अस्तरात किंवा तळपट्टीत. तेव्हा अर्धं माप मोठं घेऊन जागा वाढली असं समजणं फसवं. खरी परीक्षा अशी: बुटातलं मऊ अस्तर, म्हणजे लायनर, बाहेर काढायचं. नुसत्या कवचात पाऊल घालून बोटं पुढच्या भिंतीला हलकी टेकवायची, गुडघा जरा वाकवायचा आणि टाचेमागे किती जागा राहते ते बोटांनी चाचपायचं. दीड सेंटीमीटरच्या आसपास जागा असेल, तर हौशी खेळाडूसाठी माप बरोबर. तीन बोटं आरामात जात असतील तर तो बूट खाली ठेवावा, तो कितीही मऊ वाटत असला तरी.

आता स्त्रीच्या पायाचा प्रश्न, आणि विषयाचं मर्म इथेच आहे. सर्वसाधारणपणे स्त्रियांच्या पोटरीचा स्नायू पुरुषांपेक्षा खालपर्यंत उतरतो, आणि चवड्याच्या मानाने टाच अरुंद असते. पुरुषी मापाचा उंच बूट अशा पायात चढवला की त्याची मागची कड नेमकी पोटरीच्या जाड भागावर येते. पोटरीला जागा नसल्याने नडगी पुढे ढकलली जाते, गुडघे सतत वाकलेले राहतात आणि मांड्या तासाभरात भरून येतात. दुसरीकडे वरचं बकल लागत नाही म्हणून मोठा बूट दिला जातो. त्यात अरुंद टाच उचलली जाते. ती उचलू नये म्हणून पावलाच्या पाठीवरची बकलं करकचून आवळली जातात. पावलाच्या त्याच भागावरून रक्तवाहिनी बोटांकडे जाते. ती दबली की बोटं गार पडतात, बधिर होतात. मग स्त्री म्हणते, बूट घट्ट आहे, आणखी मोठा द्या. त्रासाचं मूळ सैलपणात होतं आणि उपाय पुन्हा सैलपणाचाच केला जातो.

यावर कोणी म्हणेल की स्त्रियांचे वेगळे बूट म्हणजे रंग बदलून केलेला व्यापार. काही बाबतींत हा आक्षेप रास्त आहे. स्त्रियांचा म्हणून विकला जाणारा बूट मऊच असणार, हे गृहीतक मला मुळीच मान्य नाही. बुटावर ७०, ९०, ११० असे कडकपणाचे आकडे असतात, पण ते ठरवण्याचं सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीचा ८० दुसऱ्या कंपनीच्या ९०इतका कडक असू शकतो. शिवाय प्लॅस्टिक थंडीत आणखी ताठ होतं, त्यामुळे उबदार दुकानात लवचीक वाटलेला बूट डोंगरावर तसा राहत नाही. कडकपणा ठरवायचा तो वजन, उंची, ताकद आणि कौशल्य पाहून. १९८८ साली कॅलगरीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्लॅलम या वळणावळणांच्या स्की शर्यतीत उतरलेल्या शैलजा कुमार, किंवा २०१८मध्ये तुर्कस्तानातल्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत कांस्यपदक मिळवणारी मनालीजवळच्या बुरुआ गावची आंचल ठाकूर, अशा खेळाडूंना मऊ बूट द्यायचा केवळ त्या स्त्रिया आहेत म्हणून? अतिमऊ बूट दाब दिल्यावर कोसळतो आणि नडगीला आधारच उरत नाही. पण मागची कड खाली घेतलेली, पोटरीपाशी फाकलेली, टाचेशी आवळलेली अशी रचना असेल तर तो फरक रंगाचा नाही, हाडामांसाचा आहे. त्याचबरोबर बारीक पोटरीच्या उंच स्त्रीला पुरुषांसाठीचा बूट बसत असेल, तर तिने तो खुशाल घ्यावा.

रुंदीचं आपल्याकडे जरा जास्त भान ठेवायला हवं. लहानपणापासून अनवाणी किंवा उघड्या चपलेत वावरलेल्या पायाचा चवडा पसरलेला असतो. तो अरुंद बुटात दबला की विक्रेता लांबी वाढवून देतो, आणि इथेच घोळ होतो, कारण गरज रुंदीची असते. बूट साधारण ९८, १००, १०२ मिलिमीटर अशा रुंदीच्या साच्यांत मिळतात. हा आकडा बहुतेकदा २६.५ मापासाठी सांगितलेला असतो, म्हणून २३.५ मापात तोच बूट प्रत्यक्षात अरुंद भरतो. लांबी तीच ठेवून रुंद साचा मागावा. एखादं हाड टोचत असेल, तर जाणकार कारागीर कवच तापवून तेवढाच भाग बाहेर फुगवून देतो. मोठं कवच लहान मात्र करता येत नाही, आणि वापराने अस्तर दबत गेलं की सैलपणा वाढतच जातो.

दोन दिवस भाड्याने वापरायचा बूट, त्याला एवढी उठाठेव कशाला, असंही म्हणतात. पण तोल सावरायची सवय नसलेल्या नवशिक्या स्त्रीलाच नेमक्या बुटाची गरज जास्त असते. जिथे स्त्रियांचे वेगळे बूट ठेवलेले नसतील, तिथेही अस्तर काढून कवच तपासता येतं, आणि मागच्या कडेत पोटरीला टेकणारी सुटी पट्टी असेल तर ती काढायला सांगता येते. मोजे दोन नकोत. गुडघ्यापर्यंतचा एकच पातळ मोजा, बुटाच्या आत कपड्याची एकही घडी नाही. मग बकलं खालून वर बेताने लावून पंधरा-वीस मिनिटं तसंच उभं राहावं. सरळ उभं असताना बोटं पुढे टेकतील, गुडघे पुढे वाकवले की ती मागे सरून सुटी होतील. बोटं हलायला हवीत, टाच मात्र हलता कामा नये. वाकल्यावरही बोटं दुमडलेलीच राहिली तर बूट आखूड आहे. टाच उचलली गेली, तर दुकानदाराला आणखी एक माप लहान काढायला सांगावं.