सलाईन कुणासाठी?



 

'डॉक्टर, हातपाय गळतात, अंग दुखतं, झोप नाही. एक सलाईन लावा.' असे म्हणणारी बाई या अधिवेशनाला आलेल्या प्रत्येक जनरल प्रॅक्टिशनरच्या दवाखान्यात येते. हिमोग्लोबिन बरे असते, साखर आणि थायरॉइडही ठीक. आपण सलाईन लावतो, बी-१२चे इंजेक्शन देतो. चार दिवस बरे वाटते, मग ती पुन्हा येते. 'मन लागत नाही' असे ती सहसा म्हणत नाही, कारण घरात त्या तक्रारीला किंमत नसते. अंगदुखीला असते. (सलाईनवर आपल्यातल्या किती जणांचा संसार चालतो, हे आज दारे बंद असल्यामुळे बोलून टाकतो.)

कायद्यात आपण मागे नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२चा, जिल्हा कार्यक्रम १९९६चा. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क दिला, विम्यात शारीरिक आणि मानसिक आजार एका पायरीवर आणले. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे, हेही त्यात आहे. कायदा चांगलाच आहे. पण त्याआधीच्या, २०१५-१६च्या निम्हान्सच्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे १०.६ टक्के प्रौढांना पाहणीच्या वेळी मानसिक विकार होता आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना होते. एवढी दरी नुसत्या कायद्याने भरत नाही.

क्षयरोगाकडे पाहा. रुग्ण गोळ्या घ्यायला आला नाही की आरोग्यसेवक त्याच्या दारात जातो. त्याची नोंद असते, आढावा बैठकीत त्याचा हिशोब मागितला जातो. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाने औषध सोडले तर विचारपूस फक्त त्याची आई करते. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालये आपल्या राज्यात आहेत. तिथे जायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे जाते, आणि गावात 'येरवड्याला नेला' एवढ्या शब्दांत मुलाचे लग्न मोडते. गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाल्या तर यातले काहीच होत नाही.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांबाबत तर धोरणाला जाग येते ती मृत्यूनंतर. पंचनामा, सातबारा, कर्जाचा दाखला, मग समिती ठरवते: प्रकरण पात्र की अपात्र. पात्र ठरले तर एक लाख रुपये. मदत द्यायलाच हवी, कर्जाचा आणि भावाचा प्रश्नही गोळीने सुटणार नाही. मानसिक आरोग्याचे नाव घेऊन कुणी ती जबाबदारी झटकू नये. पण तोच माणूस हयात असताना पाठदुखी सांगत आपल्या बाकावर बसून गेलेला असू शकतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२च्या अहवालात देशातल्या १,७०,९२४ आत्महत्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातल्या होत्या, सर्व राज्यांत सर्वाधिक. त्यांतले बहुसंख्य शेतकरी नव्हते, हेही ध्यानात ठेवा.

मानसोपचारतज्ज्ञ पुरेसे नाहीत, हे उत्तर मला पटत नाही. गोव्यात 'संगाथ' संस्थेने, डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने, डॉक्टर नसलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून दवाखान्यांत बसवले. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सरकारी केंद्रांतले नैराश्य-चिंतेचे रुग्ण अधिक प्रमाणात बरे झाले. खासगी डॉक्टरांकडे मात्र समुपदेशक बसवल्याने तसा फरक पडला नाही. माझ्या मते यातून धोरणाने एवढे घ्यावे: पैसा आधी सरकारी केंद्रात घाला.

म्हणून आजच्या ठरावात दोनच मागण्या असाव्यात. पहिली, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मानसिक आजारांची मूलभूत औषधे वर्षभर असावीत आणि आशाताईंना या कामाचे प्रशिक्षण व स्वतंत्र मोबदला मिळावा; फुकटचे आणखी एक काम त्यांच्या डोक्यावर नको. दुसरी, जिल्ह्याच्या मासिक आढाव्यात क्षयरुग्णांप्रमाणे उपचार सोडलेल्या मनोरुग्णांचाही आकडा विचारला जावा. ठराव दुपारच्या सत्रात येईल. सूचक आणि अनुमोदक ग्रामीण भागात दवाखाना चालवणारे असावेत, अशी माझी विनंती आहे. नावे जेवणाआधी कार्यवाहांकडे द्या.