हळदीकुंकवाच्या दिवशी टेबलाशी कोण उरतं?

(नागपूरला नोकरदार स्त्रियांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



नागपुरातल्या एका कचेरीत मी तीस वर्षं काढली. दर संक्रांतीला मधल्या सुट्टीत आम्ही हळदीकुंकू करायचो. पुढाकार माझाच. एका वर्षी वाण वाटताना मागे पाहिलं, तर तिघी आपापल्या टेबलाशी फायली चाळत बसलेल्या. एक विधवा, एक मुसलमान, एक बौद्ध. त्यांना कुणी 'येऊ नका' म्हटलं नव्हतं. 'या'ही म्हटलं नव्हतं.

नंतर त्यातली बौद्ध मैत्रीण म्हणाली, "ताई, सणाचं राहू द्या. माझ्या डब्यातली भाजी तुम्ही कधी घेतली?" मला आठवेना.

हे दुखणं जुनं आहे. आपल्याच नागपूरच्या जाईबाई चौधरी स्टेशनवर हमाली करायच्या. पुढे मिशनच्या शाळेत शिक्षिका झाल्या. त्या अस्पृश्य असल्याचं कळताच लोकांनी शाळेवर बहिष्कार टाकला, नोकरी सोडावी लागली. त्यांनी १९२२ साली मुलींसाठी संत चोखामेळा शाळा काढली. १९३७ साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या अधिवेशनात त्यांचं पान वेगळं मांडलं गेलं. परिषद स्त्रियांची, आणि पंगत मात्र जातीची!

पण १९४२ च्या जुलैत याच शहरात दलित महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. त्या परिषदेने गिरणीतल्या आणि विडी कारखान्यांतल्या बायांसाठी हक्काची रजा मागितली, निवृत्तिवेतन मागितलं. ही मागणी एका जातीपुरती नव्हती. वेगळ्या पंगतीला बसवलेल्या बायाच सर्व कष्टकरणींसाठी बोलल्या.

२०१३ च्या कायद्याने कचेरीत तक्रार समिती आली. पण समितीतल्या सगळ्या एकाच थरातल्या असल्या, तर झाडूवाली आपली तक्रार घेऊन तिथे येईल का? सोबत जेवायला जिला जागा नाही, ती दुःख कुठे सांगणार?

आम्ही कचेरीतलं हळदीकुंकू बंद केलं. काही जणी रागावल्या, "आमचा सण का बुडवता?" म्हणाल्या. सण घरी आहेच. त्याऐवजी ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, सगळ्यांचे डबे एका टेबलावर उघडायला लागलो. पहिल्या वर्षी अर्ध्याच जणी आल्या. त्या तिघी मात्र आल्या.

उद्या कचेरीत गेल्यावर एवढंच बघा, एकटी कोण जेवते? आणि तिच्याजवळ आपला डबा घेऊन बसा.