गेरू आणि काजळी

अजिंठ्याची सहल मुखेड तालुक्यातील प्रत्येक मुलाच्या ऐपतीतली नसते. पैशाअभावी मागे राहिलेला मुलगा पुढे चित्रकलेच्या तासालाही मान खाली घालून बसतो. त्याला एवढे अवश्य सांगावे : अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात, पाचव्या शतकातील चित्रांत, आरशात पाहणारी जी स्त्री आहे, तिच्यामागील गिलावा माती, तूस व वनस्पतींच्या तंतूंचा आहे. रंगही बहुतांशी गेरू, पिवळी माती, चुना व काजळी यांचेच. दूरदेशीहून आला तो निळा. बाकीचे त्याच्या घरीदारी आहे. (रंगपेटीची वाट पाहण्यात सत्र निघून जाते, हे सर्वांस ठाऊक आहेच.) मुखेडचे दशरथेश्वराचे प्राचीन शिल्पमंडित मंदिर तर गावातील मुलांना पायीच गाठता येते. तेथे त्यांस न्यावे, आणि परतल्यावर शाळेची एक भिंत त्यांच्या हाती सोपवावी.