मुलींचे मौन आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या आरोग्य-परिसंवादातील भाषण)



आम्ही वैद्य नव्हे. सरकारी कचेरीत फायली हाताळण्यात आमची हयात गेली. आज बोलावयास उभे आहोत ते केवळ एका मुलीचा बाप म्हणून.

एका बदलीनंतर आमच्या कन्येची पाळी तीन-तीन महिने चुकू लागली. वजन वाढले, हनुवटीवर राठ केस आले. परमुलखात जवळ ना आजी, ना मावशी. नवे पाणी बाधले असेल, असे आम्ही म्हणालो. वर "खाणे आवर" असे तिलाच सुनावले. लग्न झाले की सारे सुरळीत होईल, असे घरातील मत पडले. दोन वर्षांनी डॉक्टरीणबाईंनी निदान केले: पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजेच पीसीओएस.

१९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथाल या डॉक्टरांनी या विकाराचे वर्णन केले. त्याचे नाव मात्र फसवे आहे. अंडाशयात दिसतात त्या गाठी नसून वाढ खुंटलेली बीजपुटके होत. खरा बिघाड संप्रेरकांचा. पुष्कळ जणींचे शरीर इन्शुलिनला पुरेशी दाद देत नाही. मग रक्तात इन्शुलिन वाढते आणि अंडाशयात पुरुषी संप्रेरके अधिक निर्माण होतात. सडपातळ मुलींनाही हा विकार जडतो. तेव्हा दोष मुलीच्या जिभेचा नव्हे, हे आम्हांस उशिरा उमगले.

विवाह हा यावर उपचार नव्हे. विकार समूळ जात नसला तरी आटोक्यात राहतो. रोज अर्धा तास झपझप चालणे, वेळेवर झोप, भाकरी, उसळ, कोशिंबीर असा साधा आहार हा पाया. वजन जास्त असल्यास ते शेकडा पाच उतरले तरी गुण दिसू शकतो. पाळी नियमित करणाऱ्या गोळ्या वा मेटफॉर्मिन डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. हयगय केल्यास पुढे मधुमेहाचा व गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. मातृत्वाची दारे मात्र बंद होत नाहीत. औषधांच्या साह्याने अनेकींना अपत्यलाभ होतो.

बंधूंनो, हा विषय केवळ माजघरातील कुजबुजीचा नव्हे. आमच्या कन्येने दोन वर्षे जे एकटीने सोसले, ते आपल्या लेकींच्या वाट्यास न येवो. तिने विचारण्यापूर्वी आपणच विचारावे आणि दवाखान्यात तिच्यासोबत जावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.