आगीचा बंब आणि आपल्या मुली
(जासई येथील विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



१४ एप्रिल म्हटले की बाबासाहेबांची जयंती डोळ्यांपुढे उभी राहते. याच तारखेला देशभर अग्निशमन सेवा दिनही पाळला जातो, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि दारूगोळाही होता. आग विझविताना स्फोट झाले आणि मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. बंबावर बाई असू शकेल, ही कल्पनाही त्या काळी कोणाच्या मनात आली नसेल.

हे लांबचे झाले. आपल्या दाराशी काय आहे? शेती आणि मिठागरे गेली, १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, कंटेनरची रीघ लागली. उरणला तेल आणि वायूचे प्रकल्प आहेत. ३ सप्टेंबर २०१९ रोजी उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात आग लागून चार जणांचा बळी गेला. त्यांपैकी तीन केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान होते. धोका आपल्या दाराशी आला आहे. मग त्या धोक्याशी सामना करण्याचे शिक्षण आणि त्यातली नोकरी आपल्या घरात का येऊ नये? आणि आली तर ती फक्त मुलालाच का?

आम्ही बँकेत कारकून. एकदा शाखेत मीटरच्या पेटीतून धूर निघाला. आम्ही तिघे पदवीधर भिंतीवरचा लाल सिलिंडर काढून त्यावरच्या सूचना वाचत उभे राहिलो! पिन कुठली ओढायची तेच कळेना. तेवढ्यात कॅशमधल्या बाई उठल्या आणि त्यांनी मेन स्विच बंद केला. धूर थांबला. त्या दिवशी आम्हाला कळले की आगीपुढे मिशी उपयोगी पडत नाही, माहिती उपयोगी पडते.

आपल्याला नागपूर माहीत आहे ते दीक्षाभूमीमुळे. त्याच नागपुरात राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. २००२ साली तेथे हर्षिनी कान्हेकर या पहिल्या विद्यार्थिनीने प्रवेश घेतला. एन.सी.सी.मुळे तिला गणवेशाची ओढ होती. सगळे कॉलेज मुलांचे. ती डगमगली नाही. मुलांबरोबर तीच कवायत केली, तेच जड होज उचलले आणि शिक्षण पुरे करून २००६ मध्ये ओएनजीसीत रुजू झाली. २०१८ साली तानिया सन्याल ही विमानतळ प्राधिकरणाची पहिली महिला अग्निशामक ठरली. विमानतळावरचा बंब तीन मिनिटांच्या आत धावपट्टीवर कुठेही पोहोचावा, असा दंडक आहे. त्या वेगाचे काम ही मुलगी शिकली. आता उलव्याला, आपल्या शेजारीच, विमानतळ झाला आहे.

आता नुसते ऐकू नका. मुलींनो, एकेकीने पुढे या आणि समोर ठेवलेला हा सिलिंडर उचलून पाहा. पाण्याचा हंडा उचलणाऱ्या हातांना तो जड नाही. आधी पिन ओढा. नळीचे तोंड ज्वाळेच्या शेंड्याकडे नको, बुडाकडे धरा. मूठ दाबा आणि डावीकडून उजवीकडे फिरवा. बाहेर पडण्याची वाट नेहमी आपल्या पाठीशी ठेवा. सिलिंडर काही सेकंदांतच रिकामा होतो, म्हणून आग लहान असेल तरच पुढे व्हा. नाहीतर सर्वांना बाहेर काढा आणि १०१ क्रमांक फिरवा. कढईतले तेल पेटले तर पाणी ओतू नका, तेल उसळते. गॅस बंद करून वर झाकण ठेवा.

बंबाचे काम याहून अवघड आहे, हे आम्ही लपवीत नाही. दाबाने पाणी सुटले की होज अजगरासारखा ओढ घेतो. पण तो पुरुषही एकट्याने धरत नाही; मागे जोडीदार असतोच. धुरात शिरताना पाठीवर हवेचा सिलिंडर असतो आणि किती हवा उरली याचा हिशेब ठेवावा लागतो. म्हणजे ताकद हवीच, पण सराव, शिस्त आणि थंड डोके त्याहून अधिक हवे.

शिक्षणाची वाट अशी : मुंबईत सांताक्रूझला, कलिन्याच्या विद्यानगरीत राज्याचे अग्निशमन प्रशिक्षण केंद्र आहे. दहावी झालेल्यांसाठी सहा महिन्यांचा अग्निशामक पाठ्यक्रम आणि पदवीधरांसाठी एक वर्षाचा अधिकारी पाठ्यक्रम असतो. सरकारी भरतीत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे. धावणे, चढणे, उंचावरून जाळीत उडी घेणे, माणसाच्या वजनाचा पुतळा खांद्यावर वाहून नेणे अशा परीक्षा होतात. मुंबईच्या २०२३ च्या भरतीत महिलांसाठी १६२ सें.मी. उंचीची अट होती. म्हणून उंची, वय, गुण यांच्या अटी जाहिरातीत आधी नीट वाचा. उंची आपल्या हाती नाही, दम आहे. उद्या पहाटेपासून धावायला लागा. उंचीत न बसणाऱ्या मुलींनीही नाउमेद होऊ नये. २००६ च्या राज्य कायद्याने इमारतींना आग प्रतिबंधक व्यवस्था सक्तीची केली आहे. ती तपासणारी, सांभाळणारी प्रशिक्षित माणसेही लागतातच.

शेवटी पालकांना एक विनंती. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, ही बाबासाहेबांची शिकवण आपण दर जयंतीला सांगतो. मग मुलगी पहाटे धावायला निघाली की "लोक काय म्हणतील?" असे विचारून तिला दारातच अडवू नका. आग लागलेल्या घरातली आई, बंबावरून उतरणारा पुरुष आहे की बाई, हे विचारीत नाही. ती फक्त "लवकर या" म्हणते.

त्या हाकेला ओ देणारी एक तरी मुलगी जासईतून जावी, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही आमचे दोन शब्द संपवितो.

जय भीम! नमो बुद्धाय!